केसपेपर, स्कॅनर आणि नवी प्रणाली
दवाखान्यातील संगणक बदलल्यावर उद्भवणारे दोष व ते शोधण्याची रीत

धर्मादाय दवाखान्याचा खरा ठेवा कोणता, असा प्रश्न केला तर पुष्कळजण इमारतीकडे, क्ष-किरण यंत्राकडे किंवा देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी फलकाकडे बोट दाखवतील. या वस्तू मोलाच्या आहेत यात शंका नाही. परंतु इमारत पुन्हा बांधता येते आणि यंत्र पुन्हा विकत घेता येते. एखाद्या रुग्णाला वीस वर्षांपूर्वी कोणते औषध सोसले नाही, ही केसपेपरावरची एक ओळ नाहीशी झाली, तर ती मात्र कितीही मोठ्या देणगीने परत मिळत नाही.

हल्ली हे केसपेपर कपाटात न ठेवता त्यांचे चित्र घेऊन संगणकात ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. जागा वाचते, कागद क्षणात सापडतो, आणि वाळवीचे भय उरत नाही. पण संगणकाची प्रणाली ही मधून मधून बदलावी लागणारी वस्तू आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक दवाखान्यांना विंडोज ११ कडे वळणे भाग पडले. अशा बदलानंतरच्या पहिल्याच सकाळी पुष्कळ ठिकाणी एकच अनुभव येतो. काल चालणारा स्कॅनर आज चालत नाही. कारकून म्हणतो यंत्र बिघडले. यंत्रवाला म्हणतो सॉफ्टवेअरचा दोष. सॉफ्टवेअरवाला विंडोजकडे बोट दाखवतो. आणि खिडकीपाशी रुग्णांची रांग वाढत जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. थांबलेले काम नेमके कोठे थांबले हे क्रमाने कसे शोधावे, हे प्रथम पाहू. त्यानंतर, सुरळीत चाललेले दिसणारे काम खरोखर बिनचूक चालले आहे की नाही, हे कसे पारखावे याचा विचार करू. यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, हे विश्वस्तांनी व सभासदांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

कागदाची वाट

स्कॅनिंग म्हणजे एकच क्रिया आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः कागदाला पाच मुक्काम करावे लागतात. पहिला मुक्काम स्कॅनरचा. तेथे प्रकाश टाकून कागदाचे बिंदूबिंदूंनी चित्र घेतले जाते. दुसरा मुक्काम ‘ड्रायव्हर’ या छोट्या कार्यक्रमाचा. तो यंत्राची भाषा संगणकाला समजावून देतो. तिसरा मुक्काम रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचा; हे चित्र अमुक रुग्णाचे, अमुक तारखेचे, असे तेथे ठरते. चौथा मुक्काम साठवणीच्या फोल्डरचा, जो बहुधा सर्व्हरवर असतो. पाचवा मुक्काम नोंदसंचाचा, म्हणजे डेटाबेसचा. त्यात चित्र नसते, तर ते कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता असतो. पुढे डॉक्टर रुग्णाचे नाव उघडतात, तेव्हा या पत्त्यावरून चित्र शोधून पडद्यावर आणले जाते.

एकदा ही वाट डोळ्यांपुढे आली म्हणजे दोषाचा शोध सोपा होतो. विहिरीचे पाणी घरातल्या नळाला येत नसेल, तर जाणता माणूस एकदम नळ खोलत नाही. पाणी टाकीत आहे काय, टाकीतून नळीत आहे काय, असे तो एका टोकाकडून पाहत येतो. येथेही तेच करावयाचे.

आधी चार प्रश्न

कोणत्याही वायरीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. (१) दोष सर्व संगणकांवर आहे की एकाच? (२) एकाच कर्मचाऱ्याच्या नावाने काम करताना आहे की सर्वांच्या? (३) नवे कागद घेता येत नाहीत, की जुनी चित्रे उघडत नाहीत, की दोन्ही? (४) पडद्यावर नेमका कोणता संदेश येतो?

उत्तरांवरून अर्धा शोध तेथेच लागतो. एकाच संगणकावर दोष असेल तर तो बहुधा त्या संगणकाच्या ड्रायव्हरमध्ये किंवा वायरीत असतो. सर्व संगणकांवर एकदम दोष आला तर सर्व्हर, फोल्डर किंवा सॉफ्टवेअर यांकडे पाहावे. एकाच कर्मचाऱ्याला अडचण येत असेल तर त्याला दिलेले अधिकार बदलले आहेत असे समजावे. नवे कागद घेता येतात पण जुनी चित्रे उघडत नाहीत, असे असेल तर स्कॅनरला दोष देण्याचे कारणच नाही.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. घाईने तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झाले, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

दुभाषी बदलला की बोलणे खुंटते

आता पहिली प्रत्यक्ष परीक्षा. रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर बंद ठेवून, विंडोजमधील साध्या स्कॅन कार्यक्रमाने एक कागद घेऊन पाहावा. कागद आला नाही तर दोष यंत्र, वायर किंवा ड्रायव्हर यांत आहे. कागद आला तर यंत्र व वायर निर्दोष ठरली. मात्र ड्रायव्हर निर्दोष ठरला असे एवढ्याने म्हणता येत नाही, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते.

याचे कारण असे की, विंडोजमध्ये स्कॅनरशी बोलण्याच्या एकाहून अधिक वाटा आहेत. एकीचे नाव ‘ट्वेन’. ही रीत १९९२ पासून चालत आलेली आहे. दुसरी विंडोजची स्वतःची, ‘विया’ या नावाची. विंडोजचा साधा कार्यक्रम वियाच्या वाटेने जातो, तर रुग्णनोंदींची बरीच सॉफ्टवेअरे ट्वेनच्या वाटेने जातात. सीमाभागातील एखाद्या कचेरीत मराठी जाणणारा लेखनिक हजर असून कन्नड जाणणारा रजेवर असावा, आणि आपले काम नेमके दुसऱ्याकडे असावे, तशी ही स्थिती होते. म्हणून यंत्राच्या कंपनीने दिलेल्या कार्यक्रमाने, ट्वेनची वाट निवडून, दुसरी परीक्षा घ्यावी.

ट्वेनच्या वाटेवर नव्या आवृत्तीनंतर वारंवार येणारी अडचण बत्तीस व चौसष्ट या दोन आकड्यांची आहे. जुनी सॉफ्टवेअरे ३२-बिट रचनेची असत, नवी बहुधा ६४-बिट रचनेची असतात. ट्वेनचा ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून काम करतो, म्हणून दोघांची रचना एकच असावी लागते. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट सॉफ्टवेअरला दिसतच नाही. परिणामी यंत्र चालू असते, वायर जोडलेली असते, तरी सॉफ्टवेअरच्या यादीत स्कॅनरचे नाव नसते. विंडोजच्या मुख्य फोल्डरात ‘ट्वेन ३२’ व ‘ट्वेन ६४’ अशा नावांचे दोन स्वतंत्र उपफोल्डर असतात. आपल्या यंत्राचा ड्रायव्हर कोणत्या घरात आहे हे तेथे पाहता येते. उपाय म्हणजे कंपनीकडून ६४-बिट ड्रायव्हर मिळवणे. तो उपलब्ध नसेल, तर सॉफ्टवेअरच्या मांडणीत वियाची वाट निवडता येते का, हे विक्रेत्याला विचारावे. नवा स्कॅनर घेण्याची पाळी यानंतरची.

सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल तर आणखी एक मुद्दा येतो. पूर्वी अशी सॉफ्टवेअरे इंटरनेट एक्सप्लोररमधील एका जोडकार्यक्रमाच्या साहाय्याने स्कॅनरला हाक मारीत. क्रोम ब्राउझरने आपल्याकडील तशा जुन्या जोडकार्यक्रमांची सोय २०१५ मध्ये काढून टाकली, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा पाठिंबा विंडोज १० वर १५ जून २०२२ रोजी संपला. आता बहुधा प्रत्येक संगणकावर एक छोटा मदतनीस कार्यक्रम बसवावा लागतो, आणि ब्राउझर त्याच्यामार्फत स्कॅनरशी बोलतो. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसली, पण हा मदतनीस एखाद्या संगणकावर बसवायचा राहिला किंवा व्हायरसरोधक कार्यक्रमाने त्याला अडवले, तर नेमका त्याच खिडकीवर खोळंबा होतो.

वाटेवरचे नाके

काही दवाखान्यांत मोठे झेरॉक्स-यंत्र स्वतःच कागदाचे चित्र घेऊन ते जाळ्यातून एका फोल्डरात टाकते. नवा संगणक आल्यावर हे काम बंद पडले तर कारण बहुधा वेगळे असते. जुनी यंत्रे फोल्डरात लिहिण्यासाठी ‘एसएमबी’ या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. ती असुरक्षित ठरल्यामुळे २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, नव्याने बसविलेल्या संगणकावर ती मुळातच बंद असते.

ती पुन्हा चालू करा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो शक्यतो मानू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कार्यक्रम याच जुन्या पद्धतीतील छिद्रातून जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे संगणक त्याने कुलूपबंद केले, आणि ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. चार कागद लवकर चढावेत म्हणून सगळ्या दवाखान्याचे दार उघडे टाकणे शहाणपणाचे नव्हे. यंत्राचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत करून नवी एसएमबी आवृत्ती मिळते का हे आधी पाहावे. तोवर यंत्र वायरीने संगणकाला जोडून काम भागवावे.

फोल्डराची परीक्षा अगदी सोपी आहे. ज्या कर्मचाऱ्याला अडचण येते त्याच्याच नावाने संगणक उघडून, त्या फोल्डरात दोन शब्दांची एक साधी फाइल ठेवून पाहावी. ठेवता आली नाही तर अधिकार, पासवर्ड किंवा भरलेली डिस्क यांपैकी काहीतरी कारण आहे.

डिस्क अकस्मात का भरते, त्याचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात घेतला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. निव्वळ काळ्या-पांढऱ्या चित्राला, दाबून लहान करण्यापूर्वी, सुमारे ११ लाख बाइट लागतात. करड्या छटांना ८७ लाख. आणि रंगीत चित्राला २ कोटी ६१ लाख. इंचाला ६०० बिंदू घेतले की यांतील प्रत्येक आकडा चौपट होतो. नवी आवृत्ती बसवताना जुनी मांडणी पुसली जाते आणि यंत्र कारखान्याच्या मूळ मांडणीवर जाते. ती ६०० बिंदू व रंगीत अशी असली, तर काम रेंगाळते, डिस्क भरते, आणि बिचाऱ्या जाळ्याला दोष लागतो.

जुनी चित्रे दिसेनाशी झाली तर

हा प्रसंग सर्वांत घाबरवणारा, पण बहुधा सर्वांत निरुपद्रवी. सर्व्हर बदलला की त्याचे नाव बदलते. नोंदसंचात मात्र प्रत्येक चित्राचा पत्ता जुन्याच नावाने लिहिलेला असतो. बिऱ्हाड बदलले आणि टपाल जुन्या पत्त्यावर जात राहिले, त्यातलाच हा प्रकार. चित्रे जागेवर असतात, पत्ता तेवढा दुरुस्त करावा लागतो. अशा वेळी घाबरून कागद पुन्हा स्कॅन करू लागू नये, कारण त्याने दुहेरी नोंदी होतात. पत्त्यांची दुरुस्ती विक्रेत्याकडूनच करून घ्यावी.

चित्रे खरोखरच नाहीशी होण्याचा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. बदलापूर्वी प्रत घेताना पुष्कळदा नोंदसंचाची तेवढी प्रत घेतली जाते, आणि चित्रांचा फोल्डर राहून जातो. म्हणजे पत्त्यांची वही वाचली, पण घरे गेली. दोहोंची प्रत एकाच वेळी घेतलेली असली पाहिजे, आणि त्या प्रतीवरून एखादे चित्र प्रत्यक्ष उघडून पाहिलेले असले पाहिजे.

न बोलणारे दोष

येथपर्यंतच्या दोषांचा एक गुण आहे: ते स्वतःहून ओरडून सांगतात. काम अडते, म्हणून कोणीतरी धावते. खरे भय आहे ते काम न अडवणाऱ्या दोषांचे.

स्कॅनरमध्ये कोरी पाने आपोआप गाळण्याची सोय असते. नव्या मांडणीत तिची धार तीव्र झाली, तर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळींचे पान कोरे म्हणून गळते. दोन्ही बाजू घेण्याची सोय बंद झाली, तर केसपेपराची मागची बाजू राहते, आणि पूर्वीची औषधे पुष्कळदा तेथेच लिहिलेली असतात. एखादा रंग गाळण्याची सोय लाल रंगावर लावलेली असली, तर लाल शाईत लिहिलेला इशारा पुसला जातो. हृदयालेख काळा-पांढरा घेतला, तर त्यावरील फिकट गुलाबी चौकटी उडून जातात. नेहमीच्या वेगाने काढलेल्या आलेखात एक मिलिमीटरची लहान चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. चौकटीच नसतील तर डॉक्टरांनी मोजायचे कशावर? तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीवर गेली, तर ५ एप्रिलचा कागद ४ मेच्या खात्यात जाऊन बसतो. कागदावरील मजकूर ओळखणाऱ्या कार्यक्रमाची भाषा पुन्हा इंग्रजी झाली, तर बेळगावसारख्या ठिकाणचे मराठी व कन्नड छापील मजकूर शोधात येईनासे होतात. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, मागील रुग्णाचे नाव पडद्यावर तसेच राहून पुढच्याचा कागद त्याच्या नावावर चढतो.

चित्र स्पष्ट दिसले म्हणजे ते खरे असेलच, असेही नाही. जर्मनीतील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ मध्ये एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर इमारतीचा एक नकाशा घेतला असता, त्यातील खोल्यांची १४.१३, २१.११ व १७.४२ ही तीन वेगवेगळी क्षेत्रफळे तिन्ही ठिकाणी १४.१३ अशी उमटली. आकडे पुसट नव्हते, अगदी सुबक होते. चित्र लहान करण्याच्या ‘जेबिग-२’ या पद्धतीत, एकसारखे वाटणारे लहान तुकडे एकदाच साठवून जागोजाग वापरले जातात. या यंत्रांत ती पद्धत सहाला आठ समजून बसत होती. कंपनीने पुढे दुरुस्त सॉफ्टवेअर दिले. परंतु नकाशातील चूक भिंतीवर निभावते, औषधाच्या मात्रेतील चूक रुग्णाच्या अंगावर येते. म्हणून रुग्णनोंदींसाठी ही पद्धत निवडू नये, हे उत्तम.

परीक्षापत्र

या सर्व मुक्या दोषांना बोलके करण्याचा एक स्वस्त उपाय आहे. दवाखान्याने स्वतःचे एक परीक्षापत्र तयार करून ठेवावे. कागदाच्या पुढील बाजूस इंग्रजी सहा, आठ, तीन व पाच आणि देवनागरी १ व ९ हे आकडे लहान-मोठ्या आकारांत लिहावेत. ०.५ आणि ५ ही मात्रा शेजारी शेजारी लिहावी. एक ओळ पेन्सिलीने, एक निळ्या शाईने, एक लाल शाईने लिहावी. एक पुसट शिक्का मारावा. हृदयालेखाच्या कागदाचा एक तुकडा चिकटवावा. मागील बाजूस ‘मागील बाजू’ एवढेच फिकट अक्षरात लिहावे. हे पत्र ‘परीक्षा रुग्ण’ अशा कल्पित नावाच्या खात्यावर बदलापूर्वी एकदा व बदलानंतर एकदा चढवावे, आणि दोन्ही चित्रे मूळ कागदाशेजारी ठेवून दोन माणसांनी ताडून पाहावीत. परीक्षेसाठी खऱ्या रुग्णाचा कागद वापरू नये, आणि दोष दाखवण्यासाठी त्याचे चित्र विक्रेत्याला मोबाइलवर पाठवू नये. रुग्णाचे दुखणे ही त्याची खासगी बाब आहे.

याच्या जोडीला रोजचा एक नियम असावा. जितके कागद घातले, तितकी चित्रे आली की नाही ते मोजावे. ती जमेपर्यंत व नाव-तारीख ताडून होईपर्यंत मूळ कागद गठ्ठ्यातून हलवू नयेत. बदलानंतरचे काही आठवडे तर एकही कागद नष्ट करू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. त्या वेळी ‘प्रणाली बदलली होती’ हे उत्तर चालत नाही.

विश्वस्तांनी काय विचारावे

स्कॅनर दुरुस्त करणे हे विश्वस्तांचे काम नव्हे. मात्र योग्य प्रश्न विचारणे हे त्यांचे काम आहे. प्रणाली बदलण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत.

(१) आपल्या प्रत्येक स्कॅनरचा ड्रायव्हर नव्या प्रणालीत चालतो, हे एका संगणकावर प्रत्यक्ष करून पाहिले आहे काय?
(२) नोंदसंच आणि चित्रांचा फोल्डर या दोहोंची प्रत घेतली आहे काय, व ती उघडून पाहिली आहे काय?
(३) स्कॅनरची आजची सर्व मांडणी कागदावर लिहून ठेवली आहे काय?
(४) परीक्षापत्राची दोन्ही चित्रे कोणी ताडून पाहणार, त्यांची नावे ठरली आहेत काय?
(५) काम अडलेच तर कागदावर दवाखाना चालवण्याची तयारी आहे काय, आणि नवी आवृत्ती मागे घेता येते काय?

पाचांपैकी एकाचे जरी उत्तर ‘पाहू’ असे आले, तरी बदल आठवडाभर पुढे ढकलावा. तो करावयाचा तर शनिवारी सायंकाळी करावा, म्हणजे रविवार हाती राहतो.

सभासद कुटुंबांसाठीही एक विनंती आहे. दवाखान्याने कितीही काळजी घेतली, तरी आपल्या घरातील प्रत्येकाची एक फाइल घरी असू द्यावी. तीत न सोसणारी औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू मात्रा यांचा एक कागद सर्वांत वर ठेवावा. पुढच्या भेटीच्या वेळी डॉक्टरांच्या पडद्यावरील आपली नोंद त्या कागदाशी ताडून पाहण्याची विनंती संकोच न बाळगता करावी. तफावत आढळली, तर ती तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावी आणि ही गोष्ट कार्यालयासही कळवावी, कारण एका नावावर झालेली चूक त्याच दिवशीच्या इतर नावांवरही झालेली असण्याचा संभव असतो.